मुलांची नेहमीची सर्दी आणि तिचे मोजमाप



उसाला तोड देण्याआधी शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, कांड्याला टोचून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो, शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स पाहतो, आणि मग ऊस पक्व झाला की नाही हे सांगतो. नुसत्या पानांच्या रंगावरून ठरविण्याचे दिवस गेले. वजनाचे तर बोलायलाच नको. काट्यावर थोडा जरी संशय आला तरी आपले सभासद चेअरमनच्या खोलीपर्यंत धडक मारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. परंतु घरातल्या पोराचे नाक वर्षानुवर्षे वाहत असते, त्याबाबत मात्र आपण सगळे अंदाजावरच चालतो.

हे आम्हांस सुचले ते नवलाख उंबरे येथे. पावसाळ्याच्या अखेरीस लागणीच्या नोंदींसाठी गेलो असता एका सभासदांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. त्यांचा नऊ वर्षांचा नातू शेजारी अभ्यास करीत होता. दर दोन-तीन मिनिटांनी तो हाताचा तळवा नाकाच्या शेंड्यापासून वर घासायचा. तोंड उघडे, डोळ्यांखाली काळसर वर्तुळे, नाकाच्या मध्यावर एक आडवी बारीक रेघ. आम्ही सहज विचारले, "आबा, पोराला सर्दी झालीय वाटतं?"

"ही सर्दी आत्ताची न्हाय, साहेब. बालवाडीत घातला तवापासनं हाय. केळी बंद केली, दही बंद केलं, पेरूला तर हातच लावू देत न्हाय. सालात तीन-चार वेळा सुई हुती. चार दिस बरं वाटतं, पुन्हा हायेच."

"काही तपासणी, मोजमाप केलं का कुणी?"

आबा हसले. "सर्दी मोजायची? ती काय ऊस हाय व्हय, काट्यावर घालायला?"

त्यावर आम्हीही हसलो. पण घरातल्या सूनबाई दारातून हळूच म्हणाल्या की, गुरुजी सांगतात पोरगं वर्गात पेंगतं, लक्ष देत नाही, आणि रात्री तर ते नीट झोपतच नाही, घोरतं. आमचे हसू तेथेच थांबले. परत आल्यावर आम्ही या विषयाची माहिती काढली, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातले जे आपल्या कामाचे वाटले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे सर्दी सगळी एक नव्हे. एक सर्दी जंतूंची. ती येते, आठ-दहा दिवस राहते आणि जाते. दुसरी वावड्याची. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली बनविला, पण आपल्या आयाबायांकडे 'वावडे' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एखाद्याला अमुक वस्तूचे वावडे आहे म्हणजे इतरांना जी निरुपद्रवी ती त्याच्या अंगाला शत्रू वाटते. हे रक्तात कशामुळे घडते ते मात्र 1966-67 पर्यंत कळले नव्हते. त्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये, आयजीई नावाचा रक्तघटक शोधला. हा घटक नाकाच्या आतल्या पेशींवर चिकटून बसतो. ज्याचे वावडे आहे ती धूळ वा परागकण आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात. लगेच शिंका, खाज, पाणी. काही तासांनी दुसरी फळी येते, इओसिनोफिल नावाच्या पेशींची, आणि नाकाचे अस्तर आतून सुजते. पोराचे नाक 'चोंदते' ते पुष्कळदा शेंबडाने नव्हे, या सुजेने. म्हणून कितीही शिंकरले तरी ते मोकळे होत नाही.

आता मोजमापाकडे वळू. सर्वांत स्वस्त मोजमाप घरीच होते, त्याला कागद-पेन्सिल पुरे. शिंका, नाक गळणे, नाक खाजणे, नाक चोंदणे या चार गोष्टींना रोज सकाळी शून्य ते तीन गुण द्यावयाचे. काही नाही तर शून्य, थोडे असेल तर एक, त्रास जाणवतो पण निभावते तर दोन, झोप-अभ्यास बिघडतो तर तीन. बेरीज बारापर्यंत जाते. मोठमोठ्या औषधांच्या चाचण्यांतही हीच पद्धत वापरतात. पंधरा दिवसांचा असा तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला तर 'नेहमीच वाहतंय' या वाक्यापेक्षा तो दसपट बोलतो. शेजारी त्या दिवशी काय घडले तेही लिहावे: गोधड्या काढल्या, फड पेटविला, मळणी केली.

दुसरे साधन स्टीलची थंड ताटली. नाकाखाली आडवी धरून तोंड मिटून श्वास सोडायला लावला की तिच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात. ज्या बाजूचा डाग लहान ती नाकपुडी अधिक बंद. हॉलंडच्या झ्वार्डेमाकर या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच युक्ती आरशावर केली होती. मात्र एका डागावरून निष्कर्ष काढू नये. आपल्या स्वरशास्त्रात चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतात ते अगदीच काल्पनिक नाही. निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या काही तासांच्या फेऱ्याने आलटून पालटून मोकळ्या आणि बंद होत असतात, हे 1895 साली कायझर या जर्मन डॉक्टरांनी नोंदविले आहे. तेव्हा दोन्हींची बेरीज पाहावयाची, तीही वेगवेगळ्या वेळी. एका सरीतले एक कांडे काढून साऱ्या फडाचा ब्रिक्स ठरवीत नाहीत, तसेच हे.

दवाखान्यात याहून नेमकी यंत्रे असतात. एकात मुखवटा लावून नाकाने जोरात श्वास ओढावयाचा आणि हवा मिनिटाला किती लिटर गेली ते काट्यावर वाचावयाचे. दुसऱ्यात नाकपुडीत आवाजाची लहर सोडून तिच्या पडसादावरून आतली वाट कोठे किती रुंद आहे याचा नकाशा काढतात. यात मुलाने फक्त स्वस्थ बसावयाचे असल्याने लहानग्यांना ते सोपे जाते. ही यंत्रे प्रत्येक गावी मिळत नाहीत, हे खरे.

याउलट नाकाच्या स्रावाचा काचेवरचा नमुना साध्या प्रयोगशाळेतही पाहता येतो. शेंबूड काचेवर पसरून रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिला की वावड्याच्या सर्दीत इओसिनोफिल पेशी गुलाबी-लाल दाण्यांनी भरलेल्या दिसतात, जंतूंच्या सर्दीत दुसऱ्याच जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. आबांच्या घरी सालात तीन-चार वेळा जी 'सुई' होते ती जर जंतुनाशकाची असेल, आणि पोराची सर्दी वावड्याची असेल, तर ती सुई कोणाला मारते आहे? आणि 'चार दिस बरं वाटतं' ते औषधाने की दिवस बदलल्याने, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

नेमके वावडे कशाचे हे पाहण्यासाठी कातडीवरची चाचणी आहे. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून सुईचे टोक हलकेच टेकवितात. रक्त येत नाही, मूल फारसे रडतही नाही. पंधरा-वीस मिनिटांत जेथे वावडे आहे तेथे डास चावल्यासारखी गांधी उठते. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा ती किमान तीन मिलिमीटर मोठी असेल तर धरावयाची. आठवडाभर आधीपासून सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याने बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. क्वचित जोराची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ही चाचणी जाणत्या डॉक्टरांसमोरच करावी, आणि दमा उफाळलेला असताना करू नये. रक्तातील आयजीई मोजूनही हे पाहता येते, खर्च अधिक. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गांधी उठली म्हणजे आजार त्याचाच, असे नाही. कागदावरचा तक्ता आणि हातावरची गांधी यांचा मेळ बसला तरच ते खरे.

आणखी एक नवलाची चाचणी श्वासातल्या वायूची आहे. वाट आतून वावड्याने सुजली की तिच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अधिक सुटतो. माणसाच्या श्वासात तो असतो हे 1991 साली स्वीडनमध्ये दिसले आणि दमेकऱ्यांच्या श्वासात तो वाढतो हे 1993 मध्ये. मुलाने नळीत एका संथ वेगाने चार ते सहा सेकंद फुंकावयाचे, बस्स. बारा वर्षांखालील मुलात शंभर कोटी भागांत वीस भागांहून कमी असेल तर अशी सूज फारशी नाही, पस्तीसहून अधिक असेल तर ती आहे असे धरतात. फुंकताना नळीला थोडा अडसर ठेवलेला असतो, त्यामुळे टाळू वर उचलला जाऊन नाकातली हवा मिसळत नाही. कारण नाकालगतच्या पोकळ्यांत हा वायू छातीतल्यापेक्षा कितीतरी पट असतो. तो नाकातून वेगळा मोजता येतो, पण त्याचा अर्थ लावणे अवघड. सुजेने तो वाढतो आणि पोकळ्यांची तोंडे बंद झाली की उलट कमी भरतो. त्यामुळे नाकापुरता हा आकडा एकटा घेऊन बसण्यात अर्थ नाही.

छातीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नाक आणि छाती ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. वावड्याची सर्दी असणाऱ्या मुलांत दम्याचे प्रमाण अधिक आढळते. रात्रीचा कोरडा खोकला, धावल्यावर लागणारी धाप, छातीतली शिट्टी यांपैकी काही असेल तर फुंकून पाहावयाचा पीक फ्लो मीटर वापरावा. मार्टिन राइट या इंग्रज संशोधकांनी 1959 मध्ये त्याचा मूळ नमुना मांडला. आज त्याची प्लास्टिकची छोटी आवृत्ती घरात ठेवण्याजोग्या किमतीत मिळते.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण वावड्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी आपल्याच दारात आहेत.

मावळात चार महिने ऊन दिसत नाही. गोधड्या, वाकळा, कापसाच्या उशा दमट राहतात आणि त्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. घरच्या धुळीतली अ‍ॅलर्जी या किड्यांमुळे होते, हे हॉलंडमधील फोरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली दाखविले. किडा चावत नाही. त्याची विष्ठा श्वासातून जाते. दमट हवा हेच त्याचे पाणी. अंथरूण कडकडीत पाण्यात धुणे आणि ऊन पडेल त्या दिवशी ते पडवीत नव्हे, उन्हातच टाकणे, यावाचून स्वस्त उपाय नाही.

दुसरे गाजरगवत. हे तर पुण्याच्या नावाशीच जोडले गेले आहे. भारतात ते ठळकपणे नजरेस आले ते 1955-56 च्या सुमारास पुण्यातच, आणि 1970 नंतर त्याच्यामुळे होणाऱ्या कातडीच्या विकाराची पुणे परिसरातील नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आली. पुढे 1991 मध्ये बंगलोरच्या संशोधकांनी दाखवून दिले की त्याचे परागकण नाकाच्या वावड्यालाही कारण होतात. मेक्सिकोतून आणलेले भुंगे 1984 पासून सोडले गेले, त्यांनी ठिकठिकाणी गवत खाल्ले, पण बांध आपले, आणि भुंगा सगळीकडे पोचत नाही. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, ओल्या रानातून मुळासकट उपटावे; फुलल्यावर पोरांना उपटायला लावू नये. आम्ही हे दर वर्षी लिहितो आणि दर वर्षी कारखान्याच्या रस्त्यालाच ते फुललेले असते, हेही कबूल करतो.

तिसरा धूर. धूर हे वावडे नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला तो ओरखडे काढतो. चुलीचा, कचऱ्याचा, आणि तोड झाल्यावर पाचटाचा. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण एका काडीने हवेत सोडतो. खोडव्यात त्याचे आच्छादन करावे हे शेतकी खाते सांगतेच, आम्ही येथे फक्त पोरांच्या नाकाच्या बाजूने सांगत आहोत. झोपण्याच्या खोलीतल्या डासांच्या कॉइलचाही विचार करावा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी बरी. आणि ही मोजणी फक्त सभासदांच्या घरापुरती ठेवू नये. तोडणी कामगारांची मुले कोपीच्या तोंडाशी, चुलीशेजारी, पेटलेल्या फडापासून हाकेच्या अंतरावर झोपतात. त्यांच्या नाकाचा तक्ता कोणी ठेवत नाही.

गोठ्याबद्दल मात्र एक चांगली बातमी. आल्प्सच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षापासून गोठ्यात वावरलेल्या मुलांत दमा व पराग-सर्दी कमी आढळली. 2016 मध्ये अमेरिकेतील आमिश या जुन्या पद्धतीने शेती करणाऱ्या लोकांच्या मुलांतही दमा, यंत्रशेती करणाऱ्या हटराइट लोकांच्या मुलांच्या मानाने कमी निघाला. तेव्हा 'शेणामातीत राहून पोरगं आजारी पडतं' म्हणून तान्ह्याला गोठ्यापासून तोडण्याचे कारण नाही. पण ज्याला आधीच धुळीचे वावडे आहे त्याला भुसा पाखडायला उभे करावे, असा याचा अर्थ नव्हे.

आपल्याकडे मोजणी झालीच नाही, असेही नाही. 1990 नंतरच्या दशकात मुलांतील दमा व अ‍ॅलर्जीची जागतिक पाहणी झाली, तिच्या केंद्रांत पुणे, मुंबई, अकोला ही नावे होती. त्या पाहणीतला नाकाविषयीचा प्रश्न अगदी साधा होता: गेल्या बारा महिन्यांत, सर्दी-पडसे किंवा ताप नसताना, मुलाला शिंका येणे, नाक गळणे, नाक बंद होणे असा त्रास झाला का? आणि सोबत डोळ्यांना खाज, पाणी होते का? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत नाक आणि डोळे या दोन्हींचा त्रास कोठे 1.4 टक्के तर कोठे 39.7 टक्के भरला. ज्यांच्या घरी उत्तर 'होय' येईल त्यांनी डॉक्टरांकडे जावे. तळेगाव दाभाड्यास वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसाठी आता पुण्यापर्यंत जावेच लागते असे नाही.

मात्र एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर वावड्याच्या मागे न लागता आधी आत काही अडकले आहे का ते पाहून घ्यावे. हरभरा, शेंगदाणा, बटण, काहीही निघते.

उपचार डॉक्टरांनी ठरवावयाचे. आमचे सांगणे एवढेच की नाकात मारावयाच्या फवाऱ्याला भिऊ नये. तो अस्तराची सूज उतरवितो, परंतु त्याचा गुण दिसायला दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात फेकू नये. नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब याच्या उलट. ते पाच-सात दिवसांपलीकडे वापरले की नाक अधिकच चोंदते. आणि दुकानातून परस्पर आणलेली सर्दी-खोकल्याची बाटली लहानग्याला पाजू नये. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशच्या छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, त्यांतली काही नागपुरात उपचार घेत होती, हे सर्वांनी वाचले असेल.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा उपयोग होतो. ही आपली जलनेती. तिचे आणि श्वासाचे शास्त्र आपल्याच तालुक्यात तपासले गेले आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत मोजणी सुरू केली. निष्कर्ष छापण्यासाठी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढले. गंमत अशी की 2002 मध्ये स्वीडनच्या संशोधकांना दिसले की तोंड मिटून गुणगुणले असता नाकातून सुटणारा तो नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या पंधरापट होतो. भ्रामरी करणाऱ्यांनी यावरून लगेच सर्दी बरी होते असे समजू नये; पोकळ्यांतली हवा खेळती होते एवढेच त्यातून दिसते. नेतीचे पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे. विहिरीचे, कालव्याचे कच्चे पाणी नाकात कदापि घालू नये. त्यातला अमीबा मेंदूपर्यंत जाऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत.

आबांच्या नातवाचा तक्ता सूनबाईंनी ठेवला. पहिल्या पंधरवड्यात बेरीज आठ-नऊच्या खाली आली नाही. मग पुण्यास कातडीची चाचणी झाली. धुळीतल्या किड्याच्या थेंबावर सहा मिलिमीटरची गांधी, गाजरगवतावर चार. केळे, दूध आणि इतर खाद्यांच्या थेंबांवर काहीच नाही. फवारा सुरू होऊन महिना झाला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो होतो. तक्त्यात दोन-तीनच्या पुढे आकडा नव्हता, फक्त एका दिवशी सात. त्याच्यापुढे सूनबाईंनी लिहिले होते, 'शेजारच्या रानात पाचट पेटवले'. गोधड्या दोरीवर होत्या. पोरगे ओसरीवर तोंड मिटून बसले होते आणि त्याच्या हातात अर्धे सोललेले केळे होते.

"चार वर्सं उगाच उपाशी ठेवलं की ओ ह्याला," आबा म्हणाले.